शांत वीज कुठे मोजायची?

संगणकावरून उत्तम संगीत ऐकता यावं म्हणून त्याला द्यायची वीज अधिकाधिक नितळ करत नेणं, ही आता एक स्वतंत्र कारागिरी झाली आहे. तिची घराणीही तयार झाली आहेत. ब्रिटनमध्ये पॉल हाइन्स यांनी हाताने बांधलेल्या पॉवर सप्लायसाठी नाव कमावलं. पोर्तुगालमधली इनुओस आणि नेदरलँड्समधली टायको ऑडिओ केवळ संगीतासाठी घडवलेले संगणक विकतात. बंगळुरूच्या अलोने रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाभोवती हीच विद्या सामान्य खिशाला परवडेल अशी केली. या मंडळींच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं हे काम एकत्र पाहिलं की एक गोष्ट खुपते. बहुतेक जण नॉइज मोजतात तो सप्लायच्या तोंडाशी. ऐकणाऱ्याचा संबंध येतो तो डॅकमधून, म्हणजे आकड्यांचं ध्वनीच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडणाऱ्या सिग्नलशी. या दोन टोकांच्या मध्ये काय घडतं, त्याचा हिशेब फार थोडे जण देतात.

आधी आकडे पाहू. १९८२ साली सीडी बाजारात आली. तिच्या १६ बिटांमधली एक पायरी, २ व्होल्टच्या नेहमीच्या आउटपुटवर, साधारण ८६ मायक्रोव्होल्टची असते. आजचा चांगला डॅक पूर्ण पातळीच्या १२० डेसिबल खाली उतरतो, म्हणजे २ मायक्रोव्होल्टपर्यंत. १ किलोओहमचा साधा रेझिस्टर खोलीच्या तापमानाला, कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, काहीही न करता अर्ध्या मायक्रोव्होल्टहून थोडा जास्त नॉइज निर्माण करतो. निसर्गाचा तळ इतका जवळ आला आहे. त्यामुळे विजेची चिंता करणाऱ्यांना वेड्यात काढणं मला मान्य नाही. चिंता रास्त आहे, पण ती नेमकी कशाची करायची हे ठरवायला हवं.

व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरच्या बाबतीत तर ही कला कळसाला पोचली आहे. १९७०च्या दशकात नॅशनल सेमीकंडक्टरने आणलेला एलएम ३१७ अजूनही हजारो पेट्यांमध्ये बसतो. ५ व्होल्ट देताना त्याचा स्वतःचा नॉइज १५० मायक्रोव्होल्टच्या घरात असतो. वॉल्ट युंग यांनी १९९५ मध्ये ‘ऑडिओ अमॅच्युअर’ या मासिकातून आपला ‘सुपर रेग्युलेटर’ मांडला. त्यातला ऑपअँप स्वतः शांत केलेल्या विजेवरच चालतो, ही त्यातली सुंदर युक्ती. कितीतरी हौशी मंडळींनी ते सर्किट घरी बांधलं आणि त्यातून एक पिढी शिकली. मग २०१५ मध्ये लिनिअर टेक्नॉलॉजीचा एलटी ३०४२ आला. १० हर्ट्झपासून १०० किलोहर्ट्झपर्यंत मिळून ०.८ मायक्रोव्होल्ट, तेही नखाएवढ्या चिपमध्ये. पूर्वी महिनाभर खपून जे साधायचं ते आता सुट्या भागांच्या दुकानात मिळू लागलं. त्यानंतर ‘आमचा सप्लाय सर्वांत शांत’ या दाव्याला फारसा अर्थ उरला नाही, तरी जाहिराती अजून तिथेच अडकल्या आहेत.

या शांततेचं खरं चीज होतं ते डॅकच्या पोटात, दोनच जागी. एक म्हणजे डॅक चिपचा रेफरन्स व्होल्टेज. चिप प्रत्येक आकड्याला याच व्होल्टेजने गुणते, म्हणून त्यातला नॉइज थेट संगीताशी गुणला जातो. सूर मोठा झाला की त्याच्याभोवतीची धूळही वाढते, आणि ती गाळायला नंतर कुठलाच फिल्टर उपयोगी पडत नाही. दुसरी जागा क्लॉकची. ऑसिलेटरच्या विजेत चढउतार झाला की त्याचे ठोके पुढेमागे होतात. १६ बिटांचा २० किलोहर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर अर्ध्या पायरीच्या आत अचूक ठेवायचा तर ठोक्याची चूक १२१ पिकोसेकंदांच्या आत हवी. जुलियन डन यांनी १९९०च्या दशकात जिटरवर, म्हणजे ठोक्याच्या याच चुकीवर, जे काम केलं, त्यानंतर हा विषय अंदाजाचा राहिला नाही. या दोन जागांपासून हातभर अंतरावर असलेल्या पेटीत एलटी ३०४२ची रांग लावली, तर तिचा बराचसा फायदा मधल्या वायरीतच विरतो.

संगणकाकडे वळल्यावर हा विसंवाद उघड दिसतो. संगणकाच्या सप्लायसाठी असलेल्या एटीएक्सच्या प्रमाणानुसार १२ व्होल्टच्या रेषेवर १२० मिलिव्होल्टपर्यंत लहर चालते. तिथे कुणी काही मायक्रोव्होल्टच नॉइज असलेला भलामोठा लिनिअर सप्लाय जोडतो. पण मदरबोर्डवर शिरताच त्या १२ व्होल्टचे एक-सव्वा व्होल्ट करण्यासाठी शेकडो किलोहर्ट्झने उघडझाप करणारे कन्व्हर्टर बसलेले असतात, आणि प्रोसेसर दर क्षणी कमीजास्त प्रवाह ओढत असतो. उगमापाशी सात पदरी कापडातून गाळलेलं पाणी उघड्या चरातून घरी आणावं, तशी ही गत. हे ठाऊक असलेले कारागीर बोर्डावरच्या यूएसबी आणि इथरनेट कार्डांना वेगळी वीज देतात, त्यांची ऑसिलेटरं बदलतात. हे काम मला जास्त प्रामाणिक वाटतं, कारण ते नॉइज जिथे जन्मतो तिथे जातं.

मग साधा अडॅप्टर काढून लिनिअर सप्लाय लावल्यावर अनेकांना फरक ऐकू येतो, तो काय भ्रम असतो? दर वेळी नाही. माझ्या मते तिथे खरा फरक बहुधा गळतीच्या प्रवाहामुळे पडतो. दोन पिनांच्या एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग, अडॅप्टरमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांना जोडणारा छोटा वाय-कपॅसिटर असतो. त्यातून काही दशांश मिलिअँपिअर प्रवाह सतत झिरपतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर बोट फिरवताना जी झिणझिण जाणवते, ती हीच. हा प्रवाह यूएसबीच्या वायरीतून डॅकमध्ये, तिथून आरसीए वायरीच्या शील्डमधून अँप्लिफायरच्या अर्थिंगकडे जातो. १०० मायक्रोअँपिअर गुणिले शील्डचा ०.१ ओहम रोध, म्हणजे १० मायक्रोव्होल्ट, आणि ते सिग्नलमध्ये थेट मिसळतात. डॅकच्या २ मायक्रोव्होल्टच्या तळापेक्षा हे १४ डेसिबलने जास्त झालं. सप्लायच्या स्वतःच्या नॉइजचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

पण लिनिअर म्हटलं की सुटलो, असंही नाही. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्या एकमेकींवर घट्ट बसलेल्या असतील तर त्यांच्यात नकळत कपॅसिटर तयार होतोच. १ नॅनोफॅरड धरला तर २३० व्होल्टवर ७० मायक्रोअँपिअरच्या आसपास गळती होऊ शकते, म्हणजे अडॅप्टरच्याच तोडीची. गुंडाळ्या वेगवेगळ्या कप्प्यांत घेतलेला किंवा मध्ये अर्थिंगला जोडलेला तांब्याचा पडदा असलेला ट्रान्सफॉर्मर हे टाळतो. सप्लायच्या माहितीपत्रकांत कपॅसिटरच्या ब्रँडची नावं रकानेच्या रकाने भरून असतात. गळतीचा हा एक आकडा मात्र मला क्वचितच सापडतो. शिवाय ५० हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या सर्किटमध्ये घुसतं, ते वेगळंच. अमेरिकेतल्या बेंचमार्क कंपनीने हेच कारण देऊन आपल्या यंत्रांमध्ये स्विचिंग सप्लाय वापरले आणि बॅलन्स्ड आउटपुटवर भर दिला. त्यांची मोजमापं आजही पहिल्या रांगेत आहेत. स्कॉटलंडची लिन कंपनीही वर्षानुवर्षं स्विचिंग सप्लायच बांधते. ‘स्विचिंग म्हणजे वाईट’ हे सूत्र या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

यूएसबी डॅकच्या बाबतीत तर ठोक्याचा मोठा प्रश्न बराच आधी सुटला होता. वेव्हलेंग्थ ऑडिओच्या गॉर्डन रँकिन यांनी असिंक्रोनस यूएसबी रुजवलं, आणि ठोका देण्याचं काम संगणकाकडून डॅककडे आलं. संगणकाने फक्त आकडे वेळेत पोचवायचे. उरला तो वायरीतून येणारा विजेचा कचरा, आणि दर १२५ मायक्रोसेकंदांनी येणाऱ्या पाकिटांमुळे उमटणारी ८ किलोहर्ट्झची खूण. त्यावर उपाय म्हणजे विजेची ही वाटच तोडणं. तोशिबाने १९८३ मध्येच टॉसलिंक आणून ध्वनीचे आकडे प्रकाशातून नेले होते. आता फायबरवरचं इथरनेट थेट संगीताच्या यंत्रात घेता येतं. लुमिनच्या एक्स-१ मध्ये ती सोय आहे. काचेतून गळतीचा प्रवाह जात नाही. या कलेतलं गेल्या दशकातलं सर्वांत मोलाचं पाऊल मी यालाच मानतो, आणि ते सर्वांत स्वस्तही आहे.

याच काळात संगणकांची शर्यत मात्र दोन विरुद्ध दिशांना गेली. एका बाजूला प्रोसेसर जितका लहान, प्रवाह जितका कमी, तितकं बरं असं मानणारे रास्पबेरी पायवाले. दुसऱ्या बाजूला टायकोचा एक्स्ट्रीम: दोन झिऑन प्रोसेसर, एकही पंखा नाही आणि प्रचंड लिनिअर सप्लाय. दोघेही म्हणतात, नॉइज कमी झाला. दोघांपैकी कुणाच्याही मागे मला अशी उपपत्ती दिसत नाही, जिच्यावरून तिसरा माणूस आपला संगणक आराखड्यावरच जोखू शकेल. डॅकच्या आउटपुटवर आधी आणि नंतर काय मोजलं, हे छापणं काही अवघड नाही. डेव्हिड क्लार्क यांनी दुहेरी आंधळ्या तुलनेचं यंत्र १९८२ सालीच ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं आहे. लाखांत किंमत लावणाऱ्यांनी निदान एवढं करावं, ही मागणी वाजवी आहे. मोजणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. प्रयोगशाळेत एकाच भक्कम अर्थिंगवर, छोट्या वायरींनी डॅक तपासून ‘फरक नाही’ असा निकाल देताना, घरातल्या तीन वेगवेगळ्या प्लगांमधून फिरणारी गळती त्या चाचणीत आलेलीच नसते.

प्रयोगशाळा आणि घर यांतलं हे अंतर आपल्याकडे जास्तच जाणवतं, कारण इथे मेन्सचाही भरवसा नसतो. युरोपात आखलेल्या लिनिअर सप्लायमध्ये रेग्युलेटरला वर दोनेक व्होल्टची मोकळीक ठेवलेली असते. संध्याकाळी मेन्स १९० व्होल्टवर उतरलं की ती संपते आणि १०० हर्ट्झची लहर सरळ आउटपुटवर येते. मोकळीक वाढवली तर ३ अँपिअरला दर व्होल्टमागे ३ वॉटची उष्णता, आणि नागपूरच्या मे महिन्यात हीटसिंकला ती टाकायला जागा नसते. जुन्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर तर अडचण दुप्पट होते. साइन लाटेचं शिखर ३२५ व्होल्टपर्यंत जातं, चौकोनी लाटेचं २३० वरच थांबतं. त्यामुळे कपॅसिटर जवळजवळ ३० टक्के कमी भरतात आणि महागडा रेग्युलेटर कामच सोडतो. रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की कुरकुर करायला लागतो, तो अनेकदा निव्वळ बारीक वायरीमुळे. अलोच्या शांती या सप्लायमध्ये संगणकाला एक आणि ध्वनीच्या बोर्डाला एक, अशा ५ व्होल्टच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत. हा विचार मला पटतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चांगला ट्रान्सफॉर्मर, जाड वायर आणि हीटसिंक आणून असं काही घरी बांधणंही कठीण नाही. मात्र त्याआधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्यावा. तो चार-पाच व्होल्टांच्या वर असेल, किंवा तिसरी पिन नुसतीच भिंतीत शिरलेली असेल, तर पहिला खर्च अर्थिंगच्या खड्ड्यावर करावा आणि संगणक, डॅक, अँप्लिफायर या तिघांनाही एकाच बोर्डावरून वीज द्यावी.