मातीची गाय, मातीची माणसं : शहराचं संग्रहालय बघायला जाण्यापूर्वी



संयोजकांनी दिलेला विषय वरकरणी साधा आहे. शहराच्या इतिहासाचं संग्रहालय बघायला जायचं तर तयारी काय करावी? तयारी म्हटली की आपल्याला गाडीची वेळ, तिकीट आणि डबा आठवतो. तेही लागतंच. भायखळ्याला उतरून राणीच्या बागेपर्यंत चालत गेलात आणि वार बुधवार निघाला, तर फाटकावरूनच परत फिरावं लागेल. बुधवारी बाग बंद आणि संग्रहालयही बंद. पण वार बरोबर निवडला, दोन-तीन तास हाताशी ठेवले, एवढ्यानं तयारी झाली का? मला वाटतं, खरी तयारी प्रश्नाची असते. आत कोणता प्रश्न घेऊन जायचं, हे घरीच ठरवावं लागतं; एकदा आत शिरलं की तिथल्या वस्तू आपल्याला त्यांच्या मार्गानं नेतात.

उदाहरण म्हणून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय घेऊ. मुंबई शहराचं हे सर्वांत जुनं संग्रहालय. १८७२ साली ते लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. ही इमारत उभी राहावी म्हणून भाऊ दाजी, नाना शंकरशेट आणि त्या काळच्या इतर नागरिकांनी खटपट केली होती, वर्गणी जमवली होती. पुढे वास्तूची पडझड झाली. मग मोठी डागडुजी होऊन २००८ साली ती पुन्हा उघडली. आज आत गेलात तर खांब, जिने, छतावरची नक्षी बघून मान दुखेल, इतकं ते देखणं काम आहे. डागडुजीला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला आहे. त्याबद्दल माझी तक्रार काहीच नाही.

माझा मुद्दा आतल्या मांडणीचा आहे, आणि त्याचं मूळ या संग्रहाच्या जन्मात आहे. १८५५ साली पॅरिसला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं. तिथे पाठवण्यासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा झाल्या, आणि त्यांच्या जोडीच्या वस्तूंतून इथल्या संग्रहाला सुरुवात झाली. म्हणजे काय, तर हे आधी नमुन्यांचं घर होतं. या देशात काय पिकतं, काय विणलं जातं, कोणती भांडी घडतात, हे व्यापाराला आणि सरकारला एका नजरेत कळावं म्हणून. तळमजल्यावरची धातूची, लाखेची, हस्तिदंताची कामं आजही तीच गोष्ट सांगतात. यात गैर काही नाही. कापडाचा नमुना काढता येतो. गजभर बघितलं की ठाण कळतं.

पण जिना चढून वर या. वर काचेच्या कपाटांत मातीची छोटी माणसं आहेत. निरनिराळ्या समाजांची, निरनिराळ्या धंद्यांची. पागोट्यांचे प्रकार, लुगडं नेसण्याच्या तऱ्हा, हातातली हत्यारं, सगळं इतकं बारकाईनं केलंय की मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. इथे मात्र जरा थांबायला हवं. खाली वस्तूंचा नमुना होता, वर माणसांचा नमुना झाला. आपण एखाद्याला हसत ‘काय नमुना आहे!’ म्हणतो तेव्हा तो निदान एकमेवाद्वितीय असतो. या कपाटातला नमुना नेमका उलटा आहे. तो एक बघितला की त्याच्यासारखे सगळे बघून झाले, असं मानायचं.

आता थोडं माझ्या विषयातलं सांगतो, घाबरू नका. गौतमाच्या न्यायसूत्रांत एक चर्चा आहे. ‘गाय’ हा शब्द उच्चारला की बोध कशाचा होतो? समोरच्या एका गाईचा, म्हणजे व्यक्तीचा? तिच्या घडणीचा, म्हणजे आकृतीचा? की सगळ्या गाईंत असलेल्या गोत्वाचा, म्हणजे जातीचा? त्या चर्चेत एक फार मजेदार उदाहरण येतं, मातीच्या गाईचं. मातीच्या गाईला शिंगं आहेत, शेपूट आहे, ती एक वेगळी वस्तूही आहे. म्हणजे व्यक्ती आहे, आकृती आहे. तरी तिच्यावर प्रोक्षण कोणी करत नाही. का? तिच्यात गोत्व नाही म्हणून. शेवटी निर्णय असा की पदाचा अर्थ व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्हींनी मिळून होतो. कधी एक पुढे येते, कधी दुसरी.

इथे ‘जाती’ म्हणजे सामान्य, आपण समाजात जिला जात म्हणतो ती नव्हे, हे ध्यानात ठेवा. ठेवलंत तर गंमत दिसेल, आणि त्या गमतीतलं दुःखही. न्यायसूत्रातल्या मातीच्या गाईत जाती नसते. संग्रहालयातल्या मातीच्या माणसाला मात्र फक्त जातच असते. पाटीवर समाज आहे, धंदा आहे. नाव नाही.

‘सर, एवढ्याशा बाहुल्यांवर एवढं ओझं का टाकता?’ असं कुणी विचारेल. टाकतो, कारण हे संग्रहालय उभं आहे ते गिरणगावच्या उंबऱ्यावर. इथून निघून लालबाग, परळ, काळाचौकीकडे चालत जाता येतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांची नातवंडं आज या जिन्यावरून वर चढतात. शहराचा इतिहास म्हणून त्यांनी काय बघायचं? आजोबा कोणत्या प्रकारचे होते, हे? की आजोबा कोण होते, हे?

हे अशक्य काम नाही. अमृतसरला टाऊन हॉलमध्ये २०१७ साली फाळणीचं संग्रहालय सुरू झालं. तिथल्या कितीतरी वस्तू लोकांनी घरातून आणून दिलेल्या आहेत, आणि वस्तूबरोबर ती कुणाची, कुठून आली, याची हकिकत आहे. आपल्याकडेही मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं केलं, त्याचं पुस्तक २००४ साली आलं. भायखळ्याच्या संग्रहालयानंही सुदर्शन शेट्टी, जितीश कलाट यांच्यासारख्या आजच्या चित्रकार-शिल्पकारांना जुन्या संग्रहाशेजारी जागा दिली, हे त्याचं श्रेय. पण अशी प्रदर्शनं येतात आणि उठतात. कपाटं तिथेच राहतात.

म्हणून जाताना क्रम असा ठेवा. आधी बाहेरचा दगडी हत्ती बघा. हा घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं तो. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि फुटला. नंतर तुकडे जोडून तो इथे उभा केला. त्याच्याबाबतीत काय घडलं ते त्याच्या अंगावर दिसतं. एवढी नजर कमावली की मग वर मातीच्या माणसांकडे जा आणि प्रत्येक कपाटापाशी एकच विचारा: याच्या अंगावरचे सांधे कुठे गेले? हा कुठून आला, खोलीत कितीजण राहत होते, कोणाची उधारी होती, कशासाठी भांडला? उत्तर तिथे मिळणार नाही. पण प्रश्न विचारला की तो नमुना पुन्हा माणूस व्हायला लागतो. तळमजला शेवटी ठेवा, आणि पायांत बळ असेल तर लालबागपर्यंत चाला.

आणि सगळ्यात आधी, निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. मुंबईत आपल्यातलं पहिलं कोण आलं, कोणत्या साली, कोणाच्या ओळखीनं, पहिला पगार किती, हे विचारून लिहून घ्या. घरात गिरणीचा पास, खानावळीची वही, गावाहून आलेलं पत्र असेल तर जपून ठेवा. देऊन टाकण्याची घाई नको, टाकून देण्याची तर मुळीच नको. एक नाव बरोबर घेऊन गेलात तर त्या काचेसमोर तुम्ही रिकाम्या हातानं उभे राहणार नाही. संग्रहालयात जे नाही ते तुमच्यापाशी आहे, हे तिथे गेल्यावरच नीट कळतं.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.