सांजेचे आभाळ आणि आपले निरूपण



सज्जनहो, आषाढात पालखी लोणंद-फलटणच्या टापूत येते तेव्हा आभाळ बहुधा तुटक्या ढगांचे असते. मावळतीला ढगाआडच्या सूर्यापासून किरणांचे पट्टे पंख्यासारखे पसरतात. हल्ली असे चित्र मोबाईलवर फिरते आणि खाली लिहिलेले असते, ‘देवाने दर्शन दिले.’ रात्रीच्या कीर्तनात तेच प्रमाण म्हणून येते. दुसरीकडे काही वक्ते माउलींची ओवी घेऊन सांगतात की, पृथ्वी फिरते हे आमच्या संतांनी कोपर्निकसच्या अडीचशे वर्षे आधीच सांगून ठेवले. या दोन्ही निरूपणांत एकच दोष आहे. दोन्ही ठिकाणी दृष्टांताला पुरावा केले जाते.

दृष्टांत कशाला म्हणावे, हे न्यायशास्त्राने नेमके सांगितले आहे. सामान्य माणूस आणि परीक्षा करून पाहणारा, या दोघांची बुद्धी ज्या गोष्टीवर एक होते तो दृष्टांत. आता त्या किरणांकडे पाहा. ते पट्टे प्रत्यक्षात समांतर असतात. पालखीमार्गाच्या दोन्ही कडा लांबवर एकमेकींना मिळालेल्या दिसतात, पण चालत जावे तर रस्ता तेवढाच रुंद. आकाशातही तसेच घडते. पाठ फिरवून पूर्वेकडे पाहिले, तर कधी कधी तेच पट्टे तिकडेही एका बिंदूकडे मिळताना दिसतात. हे शाळेत शिकलेली मुलगी तुमच्या कीर्तनात बसलेली असते. तुम्ही चमत्कार म्हणालात की दोघांची बुद्धी एक राहत नाही. ती उठून जात नाही, तिचे मन मात्र उठते. किरणांची गोष्ट खोटी निघाली, मग नामाची तरी खरी कशावरून, असे तिला वाटले तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे?

आकाशाच्या रंगात देवाचे मन वाचू नये, याला आणखी एक कारण आहे. 1883 च्या ऑगस्टमध्ये जावा आणि सुमात्रा यांच्यामधला क्राकाताऊ ज्वालामुखी फुटला. त्याचे सूक्ष्म कण उंच हवेत पसरले. सप्टेंबरात मद्रासकडे सूर्य हिरवा दिसला, पुढे कित्येक महिने देशोदेशीची सांज लालभडक झाली. अमेरिकेत तर आग लागली असे समजून बंब धावले. त्या लालीला कोणी कृपा म्हणाले असते, तर तिच्या मुळाशी 36,000 हून अधिक माणसांचे मरण होते.

मग माउलींनी सांजेसारखे हे पालटते रंग दृष्टांताला घेतलेच नाहीत काय? घेतले आहेत, आणि फार तोलून घेतले आहेत. पंधराव्या अध्यायात ‘अश्वत्थ’ शब्द उलगडताना, निमिषभरात नाना रंगांचा होणारा मेघ आणि क्षणभरही पुरी न टिकणारी वीज त्यांनी शेजारी ठेवली. श्व म्हणजे उद्या. जे उद्यापर्यंत राहत नाही ते अश्वत्थ. तिथे रंग कोणी दिले हा प्रश्नच नाही. ते टिकत नाहीत, एवढेच सांगायचे आहे. आज आपण जाणतो की, क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश माथ्यावरच्यापेक्षा सुमारे 38 पट हवेतून येतो, निळा भाग वाटेतच विखुरतो आणि तांबडा उरतो. सूर्य थोडा खाली गेला की रंग बदललाच. कारण कळल्याने दृष्टांत मोडला नाही, उलट पक्का झाला.

चौथ्या अध्यायातल्या ओवीचेही तसेच. उदयास्तामुळे सूर्य न चालता चालतो असे वाटते, हे माउली सांगतात ते कर्मातले अकर्म समजावे म्हणून. त्याआधीच नावेत बसलेल्याला काठची झाडे धावताना दिसतात, हा दृष्टांत येतो. शके 1212 च्या त्या ग्रंथाला खगोलाच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. तसे पत्र लावले की श्रोता अभिमान घेऊन घरी जातो आणि नैष्कर्म्य मंडपातच राहते.

तरुण कीर्तनकारांनो, आभाळ सोडू नका, ते आधी नीट पाहा. कार्तिकीला आभाळ निवळ असते. सूर्य बुडताच महाद्वार घाटावरून नदीपलीकडे, पूर्वेला पाहा. क्षितिजालगत करडा-निळा पट्टा वर चढताना दिसेल, त्याच्यावर गुलाबी कड. तो करडा पट्टा ढग नव्हे की धूर नव्हे, ती आपल्या पृथ्वीचीच सावली. तीच वाढत वाढत सगळे आकाश व्यापते आणि आपण तिला रात्र म्हणतो. सूर्य आहे तिथेच आहे, विन्मुख आपण झालो. जीवाच्या अज्ञानाला याहून चांगला दृष्टांत मला सुचत नाही, आणि तो त्या मुलीलाही पटेल. मात्र तो दृष्टांत म्हणूनच सांगा आणि लगेच नामाकडे वळा.