आवक पाकीट, जावक पाकीट

वर्तमानपत्रांत पुस्तकांची परीक्षणं येतात, नाटकांची येतात, हल्ली मिसळीचीही येतात. पत्रं वाचायच्या संगणकी कार्यक्रमाचं परीक्षण मात्र कोणी केल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा ते मीच करतो. अधिकार विचाराल तर बी.कॉम., दुसरा वर्ग, आणि बँकेतली सुरुवातीची पाच वर्षं क्लिअरिंगला.

क्लिअरिंगचा संबंध सांगतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत 'बुलेटिन बोर्ड' नावाचा प्रकार जोरात होता. कोणा हौशी गृहस्थाच्या घरी एक संगणक, त्याला मोडेम आणि टेलिफोनची तार. आपण फोन लावायचा, काळ्या पडद्यावर अक्षरं उमटायची, ती वाचायची. लाइन बहुधा एकच, म्हणजे तुम्ही आत असेपर्यंत बाकी गावाला एंगेज टोन. त्यात २४०० चा मोडेम सेकंदाला जेमतेम २४० अक्षरं आणणार आणि बोर्ड लांबच्या गावचा असला की मिनिटागणिक बिल चढणार. ट्रंक कॉलवर 'बरा आहे, ठेवतो' एवढंच ओरडणारे आमचे काका तिथे शोभले असते.

यावर १९८७ साली मार्क हेरिंग या गृहस्थांनी 'क्यूडब्ल्यूके' नावाचं पाकीट काढलं. फोन लावा, नवी पत्रं वळकटीसारखी आवळून एकाच पाकिटात घ्या, फोन ठेवा. मग चहा पीत सावकाश वाचा, उत्तरं लिहा. ती दुसऱ्या पाकिटात साठतात. पुन्हा फोन लावून ते पाकीट पाठवून द्या. अहो, म्हणजे इनवर्ड क्लिअरिंग आणि आउटवर्ड क्लिअरिंग! चेक ट्रंकेशन आल्यापासून आमचे गठ्ठे जाऊन नुसती चित्रं फिरतात. त्यामुळे हे वाचून मला गहिवरून आलं.

ही पाकिटं फोडायला 'ब्लू वेव्ह', 'सिली लिटल मेल रीडर' (नावातच 'येडछाप' असं कबूल करणारा हा प्रामाणिक माणूस कर्जखात्यात हवा होता) असे कार्यक्रम निघाले. 'मल्टिमेल' नावाचा त्यांचा धाकटा भाऊ आजच्या संगणकावरही फुकट चालतो. काही हौशी मंडळी अजून बोर्ड चालवतात, त्यातल्या एकाचं पाकीट आणून मी महिनाभर वापरला.

दोष आधी. नाव आणि विषय यांना प्रत्येकी २५ अक्षरं. आमच्या लग्नपत्रिकेतलं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' रोमन लिपीत लिहीपर्यंतच ती संपतात, वधूवर बाहेरच. ओळ संपल्याची खूण म्हणून २२७ क्रमांकाचं चिन्ह घेतलंय. आयबीएमच्या यंत्रावर तो ग्रीक 'पाय'. गणिताच्या मास्तरांशिवाय कोणाला लागतोय, असं वाटलं असावं. पण रशियन डॉसमध्ये त्याच क्रमांकावर त्यांचा 'उ' बसतो! नियम काटेकोर पाळला तर बिचाऱ्याने 'उ' काढला की ओळ तुटली. देवनागरीचं तर नावच नको. रोमनमध्ये काल, काळ, कळ आणि कल, चौघं एकाच खोलीत.

शिवाय प्रत्येक पत्राच्या शेपटाला एक चटकदार वाक्य डकवायची सोय. दुसऱ्याचं आवडलं तर चोरायचीही सोय! ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' ठीक आहे, पण सांत्वनाच्या पत्राखाली विनोद म्हणजे अती झालं. आणि सगळेच आपापल्या घरी बसून उत्तरं लिहिणार. एकाने साधी शंका विचारली की तेच उत्तर दहा जणांकडून, तेही शंका फिटल्यावर.

एवढं असूनही मी याला पहिला वर्ग देतो. कारण उत्तर लिहिलं तरी ते लगेच जात नाही. करणाऱ्यांना फोनचं बिल वाचवायचं होतं. हे आपोआप हाती लागलं.

गेल्या गणपतीत सांगलीच्या घराच्या वाटणीवरून दादाने व्हॉट्सॲपवर, घरच्या ग्रुपात, काहीतरी लिहिलं. मी बसमध्ये उभा. एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने मी जे उत्तर ठोकलं, ते पुढचा स्टॉप यायच्या आत नऊ जणांनी वाचलं. मग मी ते पुसलं, पण पुसल्याची पाटी तिथे राहिलीच. तेव्हापासून दादा बोलत नाही. वहिनींचा फोन येतो, "भाऊजी, जेवलात का?" त्यापुढे काही नाही.

मागच्या आठवड्यात मल्टिमेलमध्ये नवं पत्र उघडलं. 'प्रति'मध्ये लिहिलं दादा. २५ पैकी एकवीस अक्षरं शिल्लक. विषय: घर. त्या बोर्डावर दादा नाही, हे मला ठाऊक आहे. पहिल्या रात्री अठ्ठावीस ओळी झाल्या. दुसऱ्या रात्री वाचल्या तर त्यातल्या अकरा माझ्या आहेत हेच पटेना. त्या गेल्या. मग हिशेबाच्या गेल्या. सध्या सहा उरल्यात, त्यातली एक वहिनींच्या मोदकांची आहे.

सौ. म्हणाली, "आता हे मराठीत कागदावर उतरवा आणि पोस्टात टाका."

दादाचा पिनकोड शोधतोय.