टोळधाडीनंतर योएल वाचताना

मे २०२०च्या अखेरीस टोळधाड अमरावती, वर्धा, नागपूर करत आमच्या भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात येऊन पोचली. लॉकडाऊन चालूच होतं. टोळ हाकलायला थाळ्या, डबे वाजवा, धूर करा, असं सांगितलं जात होतं. दोन महिन्यांपूर्वी करोनासाठी वाजलेल्या थाळ्या पुन्हा हातात आल्या. धानाचे पऱ्हे टाकायचे दिवस तोंडावर होते. आणि फोनवर एकच सूर: पाप वाढलं की असंच होतं. अशाच एका फॉरवर्डमध्ये बायबलातल्या योएलचं नाव पुराव्यासारखं दिलं होतं. म्हणून मी योएल पूर्ण वाचला.

हिब्रू बायबलात बारा 'लहान' संदेष्टे आहेत. लहान म्हणजे कमी योग्यतेचे नव्हेत, त्यांची पुस्तकं आखूड आहेत. योएलचे तर तीनच अध्याय. त्याच्याबद्दल कळतं ते फक्त वडिलांचं नाव, पथूएल. यहूदात मंदिर आहे, याजक आहेत, पण राजाचा उल्लेख नाही आणि ग्रीकांचा आहे. त्यामुळे बरेच अभ्यासक त्याला बाबेलच्या बंदिवासानंतरचा मानतात.

योएल आधी नुकसान बघतो, मग बोलतो. टोळांसाठी तो चार वेगवेगळे हिब्रू शब्द वापरतो. अंजिराची साल सोलून फांद्या पांढऱ्या पडल्यात, धान्याची कोठारं ओस पडलीत, चाऱ्यावाचून गुरं कण्हताहेत, हे सगळं तो टिपतो. पुढे धीर देतानाही तो आधी जमिनीला आणि जनावरांना भिऊ नका म्हणतो. माणसांची पाळी नंतर येते.

फॉरवर्ड करणाऱ्यांनी जे वाचलेलं नाही ते असं: हे कोणाच्या पापामुळे झालं, ते योएल सांगतच नाही. आमोस गरिबांना लुबाडणाऱ्यांचे गुन्हे एकेक करून मोजतो. योएल लोकांना देवाकडे परत फिरायला सांगतो, कपड्यांऐवजी काळीज फाडा म्हणतो, पण कोणत्याही जातीकडे, गावाकडे, बाईकडे बोट दाखवत नाही. तो म्हाताऱ्यांना बोलावतो, तान्ह्या बाळांना बोलावतो, नव्या नवरानवरीलाही खोलीतून बाहेर काढतो. रडायला तो याजकांनाही लावतो.

तरी माझं त्याच्याशी पूर्ण जमत नाही. टोळांना तो देवाचं सैन्य म्हणतो. ज्याचं शेत गेलं त्याने हे कसं ऐकायचं? तिसऱ्या अध्यायात तर तो नांगराच्या फाळांच्या तलवारी करायला सांगतो. यशया आणि मीखा यांनी नेमकं याच्या उलट स्वप्न पाहिलं होतं. दुखावलेला शेतकरी सूडाची भाषा बोलेल हे मला समजतं, पण तिथे मी योएलबरोबर जात नाही.

मी थांबतो तो दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी. टोळांनी खाल्लेल्या वर्षांची भरपाई होईल, असं वचन तिथे आहे. त्यानंतर देवाचा आत्मा मुलग्यांवर, मुलींवर, अगदी दासदासींवरही उतरेल, असं तो म्हणतो. म्हणजे बोलायचा अधिकार फक्त याजकांकडे राहत नाही.

मराठी बायबलात त्याला 'संदेष्टा' म्हणतात. ज्योतिषी नव्हे, निरोप्या. तो फॉरवर्ड पाठवणाऱ्याला मी एवढंच कळवलं: निरोप पुढे पाठवण्याआधी एकदा पूर्ण वाच, तीनच अध्याय आहेत.