ग्नोम एक्स्टेन्शन्सचे स्वयंचलित अद्ययावतीकरण : एक चिकित्सा

मुक्त संगणकप्रणालीचा मूळ दावा असा की, यंत्रावरील अंतिम अधिकार वापरकर्त्याचा असतो. हा दावा व्यवहारात कितपत टिकतो, हे तपासण्यासाठी लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपचे उदाहरण उद्बोधक ठरते.

२०११ मध्ये ग्नोम ३ प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी हेतुतः मोजकी असल्याने उरलेल्या गरजा भागविण्याचे काम एक्स्टेन्शन्सकडे आले. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या या पूरक प्रणाली स्वतंत्रपणे चालत नाहीत; त्या ग्नोम शेलच्याच प्रक्रियेत शिरून तिचे वर्तन बदलतात. हेच त्यांचे सामर्थ्य व हीच त्यांची मर्यादा होय. शेलची अंतर्रचना बदलली की एक्स्टेन्शन निकामी होऊ शकते. २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये मॉड्यूल आयात करण्याची पद्धत बदलली, तेव्हा जुनी एक्स्टेन्शन्स दुरुस्तीवाचून चालेनाशी झाली.

या पार्श्वभूमीवर २०२० च्या ३.३६ या आवृत्तीत स्वयंचलित अद्ययावतीकरण आले. नवी आवृत्ती उतरवून बाजूला ठेवली जाते व पुढील लॉगिनच्या वेळी लागू होते. चालू सत्रात जुनी संहिता स्मृतीतून पूर्णपणे काढता येत नसल्याने ही योजना तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय आहे. अधिकृत संकेतस्थळावर येणारी प्रत्येक आवृत्ती परीक्षकांच्या नजरेखालून जाते, हेही तिच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

तथापि प्रश्न संमतीचा आहे. काल व्यवस्थित चालणारा डेस्कटॉप आज लॉगिन करताच बदललेला आढळतो. ज्या प्रणालीला शेलमध्ये अनिर्बंध प्रवेश आहे, तिच्यातील बदलाची पूर्वसूचना मिळणे हा वापरकर्त्याचा हक्कच मानावा लागेल. ३.३६ सोबत आलेल्या एक्स्टेन्शन्स अ‍ॅपमध्ये मात्र एखादे एक्स्टेन्शन विशिष्ट आवृत्तीवर रोखून धरण्याची कळ नव्हती.

एक मार्ग उपलब्ध आहे. वितरणाच्या पॅकेज व्यवस्थापकाद्वारे संपूर्ण प्रणालीसाठी बसविलेल्या एक्स्टेन्शन्सना शेलचे हे अद्ययावतीकरण लागू होत नाही. त्यांची नवी आवृत्ती पॅकेजबरोबरच येते. अनेक संगणकांच्या प्रयोगशाळेत एकसारखेपणा राखण्यास हा मार्ग सोयीचा आहे. मात्र त्यात निवड मर्यादित राहते आणि दुरुस्त्याही उशिरा पोहोचू शकतात.

सारांश, स्वयंचलितता हा दोष नव्हे; बहुसंख्यांसाठी ती हितकारकच आहे. पण जेथे नकार देण्याची सोय नाही, तेथे मूक संमतीला संमती म्हणता येत नाही. संहिता वाचण्याचे स्वातंत्र्य देणाऱ्या परंपरेने ‘आता नको’ म्हणण्याचे स्वातंत्र्यही तितक्याच सुलभपणे द्यावे, ही अपेक्षा रास्त ठरते.