जुन्या व्हिडिओ गेमचे पुनःप्रकाशन : उपलब्धता आणि जतन
('व्हर्च्युअल कन्सोल'च्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत व्हिडिओ गेम हा चित्र, संगीत, कथन आणि क्रीडा यांचा संयोग साधणारा कलाप्रकार म्हणून आकारास आला. त्या काळातील अनेक गेम कार्ट्रिजच्या स्वरूपात विकले जात आणि ते ठरावीक कन्सोलवरच चालत. त्यामुळे कन्सोल कालबाह्य झाला की त्यावरील गेमही बाजारातून नाहीसे होत. निन्टेंडो या जपानी कंपनीने २००६ मध्ये 'वी' हा कन्सोल आणला आणि त्यासोबत 'व्हर्च्युअल कन्सोल' ही सेवा सुरू केली. जुने गेम डाउनलोड करून विकत घेण्याची सोय तीमुळे झाली. या सेवेमुळे गेमच्या इतिहासाचे जतन झाले, असे सर्रास म्हटले जाते. हे मत कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

उपलब्धतेचे श्रेय

पुनःप्रकाशनाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. 'सिन अँड पनिशमेंट' हा २००० मधील गेम त्या वेळी केवळ जपानमध्ये प्रकाशित झाला होता. 'व्हर्च्युअल कन्सोल'मुळे तो २००७ मध्ये पाश्चात्त्य देशांतील खेळाडूंपर्यंत प्रथमच अधिकृतपणे पोहोचला. अमेरिकेत १९९५ मध्ये आलेला 'अर्थबाउंड' हा गेम आरंभी दुर्लक्षित राहिला. पुढे त्याला चाहते लाभले, तेव्हा मूळ कार्ट्रिजची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली होती. २०१३ मध्ये 'वी यू' या कन्सोलवर तो पुन्हा उपलब्ध झाला. समीक्षेला आधी कलाकृती हाती लागावी लागते, ही गरज पुनःप्रकाशनाने काही अंशी भागवली.

संहिता आणि पाठभेद

तथापि, हाती आलेली संहिता कोणती, हा प्रश्न उरतोच. नव्या यंत्रात जुन्या यंत्राचे अनुकरण करणाऱ्या प्रणालीस 'एम्युलेटर' म्हणतात. या अनुकरणात रंग, ध्वनी व वेग यांत फरक पडू शकतो. युरोपातील टीव्ही ५० हर्ट्झवर चालत, तर जपान-अमेरिकेतील ६० हर्ट्झवर. परिणामी अनेक गेमच्या युरोपीय आवृत्त्या सुमारे १७ टक्के संथ होत्या. 'वी'वर युरोपीय ग्राहकांना याच संथ आवृत्त्या देण्यात आल्या. निर्मात्याने कल्पिलेला वेग प्रमाण मानावा, की त्या भूभागातील पिढीने प्रत्यक्ष अनुभवलेला? हा पाठचिकित्सेचाच प्रश्न आहे.

मराठी अभ्यासकाला येथे एकनाथांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. ती शक्य झाली, कारण ग्रंथाच्या प्रती ठिकठिकाणी लोकांच्या हाती होत्या आणि त्या ताडून पाहता येत होत्या. 'वी'वर विकत घेतलेली प्रत मात्र त्या एका यंत्राशी जखडलेली असे. ती दुसऱ्याला देता येत नसे किंवा ग्रंथालयात ठेवता येत नसे.

मालकीचा प्रश्न

'वी'चे विक्रीकेंद्र ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झाले. विकत घेतलेले गेम पुन्हा डाउनलोड करण्याची सोय त्यानंतर ठेवण्यात आली, पण तीही पुढे बंद होईल, असे कंपनीने जाहीर केले होते. 'वी यू' आणि 'थ्रीडीएस' यांवरील विक्री २७ मार्च २०२३ रोजी थांबली. दरम्यान, २०१८ पासून 'स्विच' या कन्सोलवर निन्टेंडोने आपले जुने गेम वर्गणीच्या योजनेत देण्यास प्रारंभ केला. वर्गणी संपली की गेमही हातचा जातो. विक्रीची जागा अशा रीतीने भाड्याने घेतली.

याहून गंभीर बाब पुढेच आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रकाशित झालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात उपलब्ध नाहीत, असे 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या २०२३ मधील पाहणीत आढळले. असे गेम संशोधकांना ग्रंथालयामार्फत दूरस्थपणे वापरता यावेत, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमान्य केली. जुन्या गेमच्या बाजारपेठेस हानी पोहोचू शकते, हा विचार त्या निर्णयामागे होता. म्हणजे मोजक्या लोकप्रिय गेमचे पुनःप्रकाशन हेच, ज्यांचे पुनःप्रकाशन कधी झालेच नाही अशा बहुसंख्य गेमच्या अभ्यासाआड येते.

निष्कर्ष

पुनःप्रकाशन हा व्यवसाय आहे. त्याने जुन्या कलाकृतींना नवे रसिक मिळवून दिले, हे त्याचे योगदान मान्यच केले पाहिजे. परंतु काय विकावे आणि विक्री केव्हा थांबवावी, हे नफ्याच्या गणितावर ठरते. जतनाला मात्र लोकप्रिय व उपेक्षित असा भेद करता येत नाही. पुस्तकाची आवृत्ती संपली तरी त्याची प्रत ग्रंथालयाच्या कपाटात राहते आणि पुढील पिढीचा अभ्यासक ती मागून घेऊ शकतो. हाच अधिकार व्हिडिओ गेमच्या बाबतीत सार्वजनिक संस्थांना मिळत नाही, तोवर या कलाप्रकाराचा इतिहास विक्रेत्याच्या मर्जीवरच अवलंबून राहील.