शिक्का पतसंस्थेचा, काम मेडिकलमधलं

पदवीचा अभ्यास कामाशी जोडला पाहिजे याला आमचा विरोध नाही. प्रश्न आहे तो जोडणी कशी होते याचा. आपण बी.कॉम.च घेऊ.

राज्याने २०२३ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांचा आराखडा दिला. त्यात ऑन जॉब ट्रेनिंग आहे. चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. कल्पना चांगलीच आहे. पण तालुक्याच्या गावी कंपन्या कुठल्या? पतसंस्था, दूध डेअरी, आडत दुकान, एखाद-दुसरा कर सल्लागार. आणि वर्गात मुलं शंभर! मग ओळखीने लेटरहेडवर दाखला आणायचा, शिक्का मारून घ्यायचा, अहवाल दुसऱ्याचा बघून लिहायचा. एका कॉलेजात आम्ही असे अहवाल चाळले, तर तिघांच्या अहवालात शुद्धलेखनाची चूकसुद्धा एकच. असो.

त्याच वर्गातला एक मुलगा दोन वर्षं रोज संध्याकाळी मेडिकलमध्ये काउंटरवर उभा राहतो. एक्सपायरीचा माल परत पाठवणं, जीएसटीची बिलं, उधारीची वही, सगळं त्याच्याकडे. रोजचे चार तास धरले तरी वर्षाला हजाराच्या वर जातात. त्याला विचारलं, तुझा दाखला कुठला? म्हणाला, "सर, पतसंस्थेचा. दुकानाचा चालत नाही म्हणाले." आता बघा, काम केलं ते मोजलं नाही आणि मोजलं ते केलंच नाही.

काम देणाऱ्यांचं म्हणणंही ऐकलं. गावातला कर सल्लागार काही डेटा अॅनालिटिक्स मागत नाही. तो म्हणतो, पासबुक आणि कॅशबुक जुळवून द्या, फरक कुठे आहे ते सांगा, आणि बँकेला चार ओळींचं धड पत्र लिहा. बँक जुळवणी पत्रक तर मुलं अकरावीतच शिकतात! पण तिथे ते गणित म्हणून सुटतं, खरं पासबुक कोणी हातात दिलेलंच नसतं. आमच्या मते इथे नव्या नावाचा पेपर वाढवून काही साधणार नाही. त्या मेडिकलवाल्या मुलाची वही वर्गात आणा, तिच्यावरून शिकवा, त्यावर श्रेयांक द्या.

यात अडचण आहे ती शिक्षकाची, आणि तिच्याबद्दल आराखड्यापेक्षा जास्त बोललं पाहिजे. मुलाचं काम बघायला दुकानात जायचं कोणी? कॉलेजात निम्मे लोक तासिका तत्त्वावर असले, तर त्यांना पैसे मिळतात ते वर्गात घेतलेल्या तासाचे. दुकानात उभं राहून मुलाचं काम तपासलं, तर तो तास कुठल्या रकान्यात भरायचा, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही.